साडेतीन मिलिमीटरचा कायदा

बीजीएमआयमध्ये मिरामारच्या नकाशावर उतरलात, की एखाद्या ओसाड घरात विन९४ नावाची रायफल पडलेली सापडते. तपकिरी लाकडी दस्ता, चापाभोवती लोखंडी कडं आणि दर गोळीनंतर ते कडं खाली-वर करण्याचा खटॅक-खटॅक आवाज. बहुतेक जण ती उचलतात आणि पुढच्या घरात काही बरं मिळालं की टाकून देतात. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. या रायफलला लागतात .४५ एसीपीची काडतुसं, म्हणजे मुळात पिस्तुलाची. त्याच नकाशावर मिळणाऱ्या आर४५ या रिव्हॉल्व्हरलाही तीच चालतात.

गेमवाल्यांनी इथे घोळ घातला आहे. खरी विन्चेस्टर मॉडेल १८९४ गाजली ती .३०-३० या अस्सल रायफलच्या काडतुसामुळे. पण या घोळात एक जुनं सत्य टिकून राहिलं. खांद्यावरची रायफल आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर या दोघांना एकच काडतूस, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वीची आहे, आणि आजही अमेरिकेत तिच्यावर जीव टाकणारे लाखो लोक आहेत. ते अशा रायफली विकत घेतात, घरच्या टेबलावर बसून त्यांची काडतुसं स्वतः भरतात आणि या सगळ्याकडे बोट दाखवून म्हणतात: बघा, ही आमच्या आजोबांची बंदूक. ही चांगली बंदूक.

माझं म्हणणं असं की 'चांगली बंदूक' नावाची वस्तू अस्तित्वात नाही. चांगली असते ती शिस्त. आणि गंमत अशी, की अमेरिकेतल्या बंदूकप्रेमींना ही गोष्ट इतर कुणाहीपेक्षा जास्त कळते. काडतूस भरायच्या टेबलावर बसले की ते ती तंतोतंत पाळतात. दुकानाच्या काउंटरपाशी आले की विसरतात.

एकच काडतूस, दोन हत्यारं

आधी इतिहास, कारण सगळी दंतकथा तिथूनच निघते.

ऑलिव्हर विन्चेस्टर हा न्यू हेवनचा शर्टांचा कारखानदार. त्याने बंदुकीच्या एका डबघाईला आलेल्या कंपनीत पैसे घातले आणि त्यातून १८६० साली बेंजामिन टायलर हेन्रीने बेतलेली रायफल आली. नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक काडतुसं, लिव्हर खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवं काडतूस आत. ज्या काळात बहुतेक सैनिक दर गोळीला बंदुकीच्या तोंडातून दारू ठासत होते, त्या काळात ही बंदूक पुन्हा न भरता पंधरा-सोळा गोळ्या झाडायची. १८६६मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि १८७३मध्ये .४४-४० काडतुसाची ती प्रसिद्ध मॉडेल १८७३. काही वर्षांतच कोल्ट कंपनीने आपलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी बनवलं. गावापासून चार दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ साधा होता: एकच पट्टा, एकच डबी, अंधारात चुकीचं काडतूस हाती येण्याची भीती नाही.

ही सोय आजही खरी आहे. .३५७ मॅग्नमचं काडतूस चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १२०० फुटांच्या वेगाने गोळी फेकतं. तेच काडतूस रायफलच्या लांब नळीतून झाडलं तर वेग १७०० फुटांच्या पुढे जातो, कारण जळणाऱ्या दारूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळतं. धक्का कमी, आवाज कमी, नेम सोपा. शंभर मीटरच्या आतल्या हरणासाठी किंवा कागदी लक्ष्यासाठी ही अत्यंत समजूतदार बंदूक आहे. तिच्यात सौंदर्य आहे हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही.

अडचण आहे ती पुढच्या वाक्याची. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' हे मॉडेल १८७३चं बिरुद कुठल्याही सीमेवरच्या माणसाने दिलेलं नाही. विसाव्या शतकात, पश्चिम केव्हाच जिंकून झाल्यावर, ते कंपनीने जाहिरातीसाठी वापरलं. पुढे १९५० साली जेम्स स्टुअर्टचा त्याच बंदुकीच्या नावाचा चित्रपट आला आणि दंतकथेवर शिक्का बसला. अमेरिकेच्या सैन्याने मात्र ही बंदूक आपली मुख्य रायफल म्हणून कधी स्वीकारली नाही. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या घोडदळाकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. हेन्री आणि विन्चेस्टर होत्या त्या समोरच्या लकोटा आणि शायेन लढवय्यांपैकी अनेकांकडे. १९८३मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं, पुरातत्त्वज्ञांनी जमीन धुंडाळली आणि त्यांना त्या पुंगळ्या मिळाल्या. ज्यांच्या हातून पश्चिम हिसकावली गेली, त्यांनीच त्या दिवशी ही बंदूक सर्वात परिणामकारकपणे वापरली. जाहिरातीत ते कसं येणार?

१८७७मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात ऑटोमन सैनिकांनी लांबच्या पल्ल्याला एकगोळी रायफली वापरल्या आणि रशियन पायदळ जवळ आलं की विन्चेस्टर उचलल्या. झालेल्या संहाराची युरोपभर दखल घेतली गेली. म्हणजे आपल्या काळात लिव्हर-ॲक्शन रायफल ही आजच्या एआर-१५ सारखीच होती: नवी, भीतिदायक, एका माणसाला अनेकांची ताकद देणारी. दीडशे वर्षं लोटली, लाकडाला झिलई चढली, आणि ती 'निरागस' झाली.

लाकूड निरागस नसतं

ही निरागसता कायद्यानेही मान्य केली. १९९४मध्ये अमेरिकेत 'असॉल्ट वेपन' म्हणून ठरवलेल्या बंदुकींवर दहा वर्षांची बंदी आली, तेव्हा हाताने लिव्हर किंवा बोल्ट ओढून चालवायच्या बंदुका स्पष्ट शब्दांत वगळल्या होत्या. त्यामागे तर्क होता. स्वयंभरण बंदूक दर चापाला आपोआप पुढचं काडतूस घेते, लिव्हरवाली घेत नाही, आणि नळकांडं पुन्हा भरायला वेळ लागतो. सामूहिक हत्याकांडाचा विचार केला तर हा फरक मोठा आहे.

पण हत्याकांड ही अमेरिकेतल्या बंदूकमृत्यूंची बातमी असते, बेरीज नव्हे. २०२१ साली तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. या निम्म्या भागासमोर मॅगझिनमध्ये किती काडतुसं मावतात, दस्ता लाकडाचा आहे की काळ्या प्लास्टिकचा, बंदूक कुणाच्या आजोबांची आहे, या सगळ्या चर्चा फोल ठरतात. तिथे एकच प्रश्न उरतो: वाईट रात्री ती बंदूक कुलपात होती की नव्हती?

म्हणून 'चांगली बंदूक' हा युक्तिवाद मला नुसता चुकीचा नाही, घातक वाटतो. तो एका वस्तूला चारित्र्याचा दाखला देतो आणि मालकाला परीक्षेतून सोडतो. दिवाणखान्यातल्या शेकोटीवर टांगलेली विन्चेस्टर हे या विचाराचं चित्र आहे: शोभेची म्हणून उघडी, आणि उघडी म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाताला येणारी.

शिवाय हा वारसा तरी कुठे बनतो? विन्चेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद झाला. आज त्या नावाच्या लिव्हर-ॲक्शन रायफली जपानमध्ये मिरोकू कंपनी बनवते. मॉडेल १८७३च्या देखण्या प्रतिकृती इटलीत उबेर्ती बनवते. मॉडेल १८९२चा स्वस्त आणि दणकट अवतार ब्राझीलच्या रॉसीचा. आजची हेन्री कंपनी १९९६ साली ब्रुकलिनमध्ये स्थापन झाली. जुन्या हेन्रीशी तिचं नातं नावापुरतं. मार्लिनचं नाव रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत २०२०मध्ये लिलावात निघालं आणि रूगरने घेतलं. यात वाईट काही नाही. जपानी आणि इटालियन कारागिरी उत्तम आहे. पण दुकानदार 'अमेरिकेचा आत्मा' विकतो तेव्हा खोक्यावर कुठल्या देशाचं नाव छापलंय ते बघावं. आत्मा बराच प्रवास करून आलेला असतो.

टेबलावरचा माणूस

आता त्याच अमेरिकेची दुसरी बाजू, जिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

लिव्हर-ॲक्शनवाल्यांपैकी बरेच जण काडतुसं घरी भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती गोळा करायची, साफ करायची, भेगा पडल्यात का बघायच्या. मग डायमध्ये दाबून मूळ मापाची करायची, जळलेली केप काढायची, नवी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची आणि पुंगळीचं तोंड गोळीवर आवळायचं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी सरळ असते, त्यामुळे शिकायला हे सर्वात सोपं. कार्बाइडची डाय असली की पुंगळीला तेल लावायचीही गरज नाही. एक पुंगळी कितीतरी वेळा वापरता येते.

पैसे वाचतात म्हणून हे करावं, असं सगळे सांगतात. ती थाप आहे. पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या झाडल्या जातात. २०२०नंतर केपांचा तुटवडा पडला तेव्हा तर घरी भरणारेही रिकाम्या पुंगळ्या घेऊन बसले होते. खरा फायदा वेगळा आहे. आपल्या रायफलला कुठली गोळी, किती वेगाने मानवते हे माणूस स्वतः शोधतो. आणि त्या शोधात तो नियम पाळायला शिकतो.

नियम कसले? ऐका.

नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या केपेवर टेकलेलं. टोकदार, कडक गोळी वापरली तर धक्क्याने केप पेटू शकते आणि नळकांड्यातच स्फोट होतो. म्हणून चपट्या टोकाची गोळी. पुंगळीचं तोंड घट्ट आवळलं नाही तर स्प्रिंगच्या दाबाने आणि धक्क्याने गोळी आत सरकते, आतला दाब वाढतो. म्हणून घट्ट आवळायचं. काडतूस ठरलेल्या लांबीपेक्षा लांब झालं तर ते यंत्रणेत अडकतं. म्हणून मोजायचं.

आणि दारू. दारूचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आधुनिक दारू इतकी थोडी लागते की पुष्कळदा पुंगळीचा निम्मा भागही भरत नाही. त्यामुळे लक्ष विचलित झालेल्या माणसाने एकाच पुंगळीत दोनदा दारू घातली, तरी ती वरून ओसंडत नाही. काही दिसत नाही. दिसतं ते नंतर, फुटलेल्या बंदुकीत. उलट, दारू घालायचीच राहिली तर नुसत्या केपेच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुटते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. फोन बाजूला. टीव्ही बंद. पन्नास पुंगळ्या ओळीने मांडून, दिव्याखाली धरून, प्रत्येकीत डोकावून बघायचं. वजनकाटा आधी प्रमाण वजनाने तपासायचा. पुस्तकातल्या सर्वात कमी मापापासून सुरुवात करायची, एकदम वरच्या मापावर उडी मारायची नाही. प्रत्येक डबीवर तारीख, दारू, माप, गोळी लिहायची. शिशाचा संबंध आला की हात धुवायचे आणि तिथे खायचं नाही.

हे सगळं करायला कुणी पोलीस येत नाही. स्वतःसाठी काडतुसं भरायला अमेरिकेत फेडरल परवाना लागत नाही, तो लागतो विकायची असली तर. तरीही हे नियम पाळले जातात, आणि न पाळणाऱ्याला क्लबात नवशिका म्हणून बाजूला घेऊन समजावलं जातं. टेबलावर कुणी छाती ठोकून म्हणत नाही, की पुस्तकातली कमाल मर्यादा हा माझ्या स्वातंत्र्यावर घाला आहे.

पितळात कोरलेली तपासणी

आता मुद्द्याचं.

.३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. १९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विन्चेस्टर यांनी त्याच जाडीचं, पण कितीतरी जोरकस .३५७ मॅग्नम आणलं. आजच्या उद्योगमानकांनुसार .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय, .३५७चा ३५,०००. कारच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो, म्हणजे त्याच्या हजारपट. हे काडतूस जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये गेलं तर काय होईल, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी काय केलं? खोक्यावर 'कृपया काळजी घ्या' छापून हात झटकले नाहीत. पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केली. आता .३८ काडतूस .३५७च्या बंदुकीत बसतं, पण .३५७ काडतूस .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण आत जातच नाही. चक्र फिरत नाही.

एल्मर कीथ हा घरी काडतुसं भरणाऱ्यांचा पितामह. १९२५मध्ये जड भरणीने त्याचं एक .४५ कोल्ट फुटलं, मग तो .४४ स्पेशलकडे वळला आणि वर्षानुवर्षं त्यात जास्त जोर भरत राहिला. त्याच्या आग्रहातून १९५५ साली .४४ मॅग्नम आलं. तेव्हाही तेच: पुंगळी तीन मिलिमीटरहून थोडी जास्त लांब.

हे तीन-साडेतीन मिलिमीटर म्हणजे काय? तपासणी. योग्यता नसलेल्या यंत्रणेच्या हाती ताकद जाऊ नये म्हणून पितळात कोरलेली, कुणाच्या सदिच्छेवर न सोडलेली तपासणी. बहुसंख्य ग्राहक शहाणे आहेत, मग दोनचार मूर्खांसाठी सगळ्यांची पुंगळी का लांबवायची, असा वाद कुणी घातला नाही. 'मूर्ख माणूस तरीही कानशीने घासून बसवेल' हा वादही घातला नाही. बसवणारा बसवेल. पण चुकून, घाईत, अंधारात होणारे अपघात थांबतील. तेवढं पुरेसं मानलं गेलं.

याच उद्योगाने १९२६ साली स्वतःची मानक संस्था काढली, दाबाच्या मर्यादा ठरवल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४४-४०चं जास्त जोराचं काडतूस निघालं, तेव्हा ते मॉडेल १८९२साठीच आहे अशी सूचना त्यावर होती, कारण जॉन ब्राउनिंगने बेतलेल्या त्या रायफलची बंदिस्ती १८७३पेक्षा कितीतरी भक्कम होती. नाव तेच, जाडी तीच, तरी प्रत्येक बंदुकीला प्रत्येक काडतूस नाही.

या लोकांना हे कळतं की ताकद कुठे जाते आहे ते तपासावं लागतं. मग काडतुसाला जी तपासणी लागते, ती माणसाला का नको?

काउंटरपाशी

.३५७ची लिव्हर-ॲक्शन घ्यायला अमेरिकेत परवानाधारक दुकानात जा. रायफल असल्याने वय १८ पुरे, हँडगनला २१ लागतं. एक फेडरल फॉर्म भरायचा, दुकानदार पार्श्वभूमी तपासतो, पुष्कळदा काही मिनिटांत उत्तर येतं. आता तीच रायफल त्याच राज्यातल्या शेजाऱ्याकडून घ्या. फेडरल कायद्याने तपासणी लागत नाही. काही राज्यांनी स्वतःचे कायदे करून ती लावली, अनेकांनी नाही. बंदूक चालवता येते का, हे फेडरल कायदा विचारत नाही. घरी कुलूप आहे का, हेही विचारत नाही.

काडतुसाचं तर आणखी गमतीचं. दुकानदाराने रायफलचं काडतूस अठराव्या वर्षी विकायचं, हँडगनचं एकविसाव्या. मग दोन्हींत चालणाऱ्याचं काय? विकत घेणारा ते रायफलमध्ये वापरणार आहे अशी दुकानदाराची खात्री पटली, तर अठराव्या वर्षी चालतं. दीडशे वर्षांपूर्वीची ती 'एकच काडतूस' सोय इथे कायद्यातली फट होऊन बसली आहे.

इथे आपल्यापैकी काहींचा थेट संबंध येतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने साधारणतः मनाई आहे. वैध शिकार-परवाना असणं हा मुख्य अपवाद. ग्रीनकार्डवाल्याला ही आडकाठी नाही. ऑफिसातला मित्र 'चल, घेऊन टाक, मस्त वेस्टर्न बंदूक आहे' म्हणतो तेव्हा ती वेस्टर्न असली तरी गुन्हा फेडरल असतो. आणि इन्स्टाग्रामवरचा फोटो हा पुरावा.

ब्रिटनने काय केलं

'नियम आले की छंद मेला,' हा आक्षेप हमखास येतो. त्याचं उत्तर ब्रिटनमध्ये आहे, आणि गंमत म्हणजे ते हीच बंदूक देते.

हंगरफर्डच्या १९८७च्या हत्याकांडानंतर ब्रिटनने मोठ्या काडतुसांच्या स्वयंभरण रायफली बंद केल्या. १९९६मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेची हत्या झाली, आणि १९९७च्या कायद्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून जवळपास सगळी हँडगन गेली. पिस्तूल क्लबांपुढे प्रश्न होता: आता काय? अनेकांनी उचलली .३५७ आणि .४४ची लिव्हर-ॲक्शन. तिला 'गॅलरी रायफल' नाव मिळालं, स्पर्धा सुरू झाल्या, त्या आजही चालतात.

तिथे ती घ्यायची तर पोलिसांकडून प्रमाणपत्र लागतं. कशासाठी हवी याचं सबळ कारण द्यावं लागतं, घरातलं कपाट दाखवावं लागतं, ओळखीच्या माणसांनी तुमच्याबद्दल लिहून द्यावं लागतं. प्रमाणपत्रावर प्रत्येक बंदूक आणि एका वेळी किती काडतुसं बाळगता येतील तो आकडा. केपा विकत घेतानाही प्रमाणपत्र दाखवायचं. आणि तरीही तिथे लोक घरी काडतुसं भरतात, खूप भरतात. तीच प्रेस, तीच डाय, तीच वही. टेबल शाबूत आहे. शिस्त काउंटरपर्यंत आली म्हणून टेबल मोडलं नाही.

इथे समोरच्याचा सर्वात मजबूत मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. अमेरिकन माणूस म्हणेल: ब्रिटनमध्ये आधी यादी झाली, मग त्याच यादीवरून हँडगन जमा केल्या. कायदा पाळणाऱ्यांनी आपली आवडती हत्यारं भरपाई घेऊन परत दिली. आम्हाला तीच भीती आहे.

ही भीती खोटी नाही. तिला वेडेपणा म्हणून उडवून लावणारे उदारमतवादी मला पटत नाहीत. पण ब्रिटनकडे नसलेली एक गोष्ट अमेरिकेकडे आहे. २००८च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला, २०२२च्या ब्रुएन निकालाने तो आणखी पक्का केला. घरात हँडगन ठेवण्यावर सरसकट बंदी तिथे घटनेनेच अडते. आणि त्याच हेलर निकालात न्यायालयाने हेही सांगितलं, की हा हक्क अमर्याद नाही. जप्तीपासून कायद्याची ढाल मिळालेल्या माणसाने कुलूप, प्रशिक्षण आणि तपासणी नाकारताना जप्तीचंच कारण पुढे करावं, हे तर्कात बसत नाही.

दुसरा मुद्दा: गुन्हेगार कायदा पाळत नाही. खरं आहे. पण बंदूकमृत्यूंतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी कुणाला लुटलं नव्हतं. त्यांच्या घरात बहुधा कायद्याने घेतलेली बंदूक होती आणि कपाट उघडं होतं. साडेतीन मिलिमीटर कानशीवाल्या मूर्खासाठी नव्हतेच. ते घाईतल्या, अंधारातल्या, भल्या माणसासाठी होते.

आणि आपण

हे वाचून 'बघा ते अमेरिकन' म्हणत बसण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्याकडे कायदा कडक आहे. परवान्याविना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुकांची मर्यादा आली आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडण्यासाठी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आली. पण अशी दुरुस्ती करावी लागली, यातच आपलं चित्र आहे. आपल्याकडे बंदूक ही कुणी वापरायला शिकावी अशी वस्तू नसून, कुणी बाळगली आहे हे दिसावं अशी वस्तू आहे. रीलमध्ये हत्यार मिरवणाऱ्या पोरांवर पुण्यात गुन्हे दाखल होतात. त्या पोरांना त्या हत्याराचं काडतूस कोणतं, हेही सांगता येणार नाही. टेबलाची शिस्त नाही, नुसता काउंटरचा रुबाब.

म्हणून विन९४ उचलणाऱ्या, वेस्टर्न सिनेमा बघणाऱ्या, उद्या डॅलसला नोकरीला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच. बंदुकीवर प्रेम करायचं तर टेबलावर करा. तिथे ती काय आहे ते कळतं: हजारो पीएसआय दाब हातभर अंतरावर कोंडून ठेवणारं पोलाद. तिथे कुणी 'मला वाटतं' म्हणत नाही, वजनकाट्यावर ठेवतं. आणि मग कायद्याची चर्चा निघाली, की 'ही चांगली बंदूक, ती वाईट बंदूक' या लाकूड-प्लास्टिकच्या भांडणात शिरू नका. एकच प्रश्न विचारा. पितळाच्या पुंगळीला जी तपासणी चालते, ती तिच्या मालकाला का चालत नाही?

याचं उत्तर देता येत नसेल, तर स्वातंत्र्याचं नाव घेऊ नका. त्याला आळस म्हणतात.